मालाची मोटारसायकल आणि तिचे ब्रेक

आपल्या कापडधंद्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर, कुठेही जा. यंत्रमागाच्या शेडमधून ग्रे कापडाचे तागे गोदामात पोहोचवायचे असोत, सुताचे कोन आणायचे असोत, की साड्या-लुंग्यांचा गठ्ठा बांधून आठवडी बाजार गाठायचा असो, हे काम मोटारसायकलच करते. पूर्वी ते सायकलवर होई, नंतर लुना आणि तिच्यासारख्या मोपेड आल्या. १९९४ साली हीरो होंडाची स्प्लेंडर बाजारात आली आणि पुढे शंभर सीसीची गाडी म्हणजेच आपल्या फेरीवाल्याचे दुकान होऊन बसली. ही गाडी घेताना आपला माणूस ॲव्हरेज विचारतो, हप्ता विचारतो, पाच वर्षांनी विकली तर किती येतील हेही विचारतो. गाडी थांबते कशी, हे मात्र कोणी विचारत नाही.

आम्ही मेकॅनिक नाही, कापडाचे व्यापारी आहोत. या पानावर सुताचे भाव आणि जीएसटी यांचीच चर्चा व्हावी, ब्रेकचे इथे काय काम, असे काही बांधवांना वाटेल. परंतु ज्या चाकावर आपला माल आणि आपली पोरे रोज जातात, त्या चाकाचा हिशेब व्यापाराबाहेरचा कसा? केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ लोक रस्त्यावरील अपघातांत दगावले, आणि त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते. हे सगळे ब्रेकमुळे झाले असे म्हणणे खोटे ठरेल. रस्ते खराब आहेत, ट्रकवाले बेफाम आहेत, हेल्मेट घरी टांगलेले आहे. पण रस्ता आपल्या हातात नाही आणि ट्रक आपल्या हातात नाही. ब्रेक आहे, आणि त्याला पैसेही फार लागत नाहीत.

आधी भाराचे गणित पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर म्हैस आडवी आली, ती डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ११ मीटर रस्ता संपला. त्यानंतर चांगल्या ब्रेकची रिकामी गाडी कोरड्या रस्त्यावर आणखी १२ मीटरच्या आसपास थांबते. आता त्याच गाडीवर १०० किलोचा गठ्ठा टाका. गाडी ११० किलोची, माणूस ६५ किलोचा, असे १७५ किलोचे वजन २७५ किलोवर गेले. ड्रमची ताकद तेवढीच राहिली, म्हणून ते १२ मीटर दीडपटीहून अधिक होतात. वेग वाढला तर हिशेब आणखी बिघडतो, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांची भारमर्यादा चालक धरून १३० किलोच्या जवळपास असते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ती छापलेली असते, पण ती पुस्तिका आपल्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही. चालकाचे ६५ किलो वजा करा, मालाला किती उरतात ते दिसेल.

मर्यादा पाळा असे नुसते लिहून कोणी पाळणार नाही, हे आम्हालाही कळते. खेप वाढली की पेट्रोल वाढते आणि कापडात मार्जिन किती राहिले आहे ते सर्वांना माहीत आहे. निदान भार बांधायची रीत तरी सुधारावी. आपल्याकडे कॅरिअर मागे वाढवून घेतात आणि गठ्ठा मागच्या चाकाच्याही पलीकडे लटकतो. त्याने पुढचे चाक हलके होते, हँडल सैल वाटते आणि पुढचा ब्रेक लावावा तर चाकाला रस्त्याची पकडच राहत नाही. जड तागे खाली, सीटला टेकून, दोन्ही बाजूंना सारखे बांधावेत. साड्यांसारखा हलका माल वर आणि मागे. यात एक पैसा लागत नाही आणि गाडीचे थांबणे त्याच दिवशी सुधारते. टायरमधील हवाही भाराप्रमाणे ठेवावी. किती ठेवायची ते बहुतेक गाड्यांच्या चेनकव्हरवरील स्टिकरवर लिहिलेले असते. शेवटी ब्रेक थांबवतो ते चाकाला, गाडीला थांबवतो तो टायर. टायर टकला झाला असेल तर नवा लायनर टाकून उपयोग नाही.

पुढच्या ब्रेकविषयी आपल्या लोकांत मोठी भीती आहे. "पुढचा दाबला की गाडी उलटते," असे बाप मुलाला शिकवतो, आणि मुलगा आयुष्यभर एका पायावर गाडी थांबवतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रेक लागला की सगळे वजन पुढे झुकते. त्यामुळे रिकाम्या गाडीला कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढचे चाक करते. मागे माल असेल तर मागच्या चाकाचा वाटा वाढतो, तरी पुढच्याची सुट्टी होत नाही. गाडी पडते ती वळणावर, वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक झटक्याने दाबल्याने. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकदम, आधी हलके आणि मग वाढवत दाबायचे, ही सवय लागायला मोकळ्या मैदानात अर्धा तास पुरे. नव्या पोराला माल देऊन पाठवण्याआधी हा अर्धा तास त्याच्याकडून करून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे.

आता प्रत्यक्ष ब्रेककडे वळू. आपल्या धंद्यातील बहुतेक गाड्यांना, निदान मागे तरी, ड्रम ब्रेक असतो. ड्रमच्या आत दोन शू असतात, त्यांवर लायनर चिकटवलेला असतो. पायाने दांडा ओढला की कॅम फिरतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमला आतून घासतात. लायनर झिजत जातो तसा ब्रेक खाली जातो, आणि आपण दांड्याचा नट आवळत जातो. पायाचा पेडल दोन-तीन सेंटीमीटर मोकळा हलला पाहिजे, पुढचा केबलचा ब्रेक असेल तर हाताचा लिव्हर एक-दोन सेंटीमीटर. अजिबात न हलणारा ब्रेक "टाईट" आणि म्हणून चांगला, असे समजणारे पुष्कळ आहेत. तसा ब्रेक चालत्या गाडीत घासत राहतो, ड्रम तापतो, ॲव्हरेज जाते आणि लायनर निम्म्या मुदतीत संपतो. चेन ओढून घेतली की मागचे चाक सरकते आणि ब्रेकचा हिशेब बदलतो. तेव्हा चेनचे काम झाले की ब्रेक पुन्हा पाहिला पाहिजे, हे गॅरेजमध्ये हमखास विसरले जाते.

लायनर किती उरला हे बघायला चाक खोलावे लागतेच असे नाही. अनेक गाड्यांत ड्रमच्या प्लेटवर एक खूण आणि कॅमच्या आर्मपाशी एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण खुणेला भिडला की शू बदलायचे. इथे काही गॅरेजमध्ये एक चलाखी चालते. नट आवळून संपला की मिस्त्री आर्म काढून कॅमवर एक दात मागे बसवून देतो. नटाला पुन्हा जागा मिळते, ब्रेक पुन्हा वर येतो, गिऱ्हाईक खूश होते आणि वीस रुपयांत काम झाले म्हणून मिस्त्रीला दुवा देते. आत लायनर मात्र तेवढाच, कागदासारखा. अशा वेळी कॅम मर्यादेबाहेर फिरून अडकू शकतो आणि चाक चालत्या गाडीत जाम होते. मिस्त्री आपला उस्ताद असो की मेहुणा, आर्म सरकवू लागला तर त्याचा हात धरावा आणि चाक खोलायला लावावे.

चाक खोलले की बघण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. लायनर काचेसारखा चकाकत असेल तर तो पकडत नाही, जाड असला तरी. पॉलिश पेपरने त्याची चकाकी काढावी. ड्रमच्या आत नखाला लागतील अशा रेघा असतील किंवा ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. त्याची मोठ्यात मोठी चालणारी मापे ड्रमवरच कोरलेली असतात, त्यापुढे गेला तर बदलावा. कॅमच्या दांड्याला बोटाच्या टोकावर मावेल इतकेच ग्रीस लावावे, जास्त लावले तर तापून लायनरवर उडते. प्लेटला धरून ठेवणारी जी पट्टी चेसिसकडे जाते तिचा बोल्ट आणि कॉटर पिन जागेवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच अख्खी प्लेट फिरते. आणि आपल्या यंत्रमागाच्या गावांतली एक खास गोष्ट, बोळातले सूत चाकाच्या आसाभोवती गुंडाळत राहते, तेही त्याच वेळी कापून काढावे. गाडी धुताना डिझेल मारून घेण्याची पद्धत आहे, तेव्हा फवारा ड्रमवर आणि डिस्कवर जाऊ देऊ नये. तेल पिलेला लायनर धुऊन सुधारत नाही, फेकावाच लागतो.

इथे गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. ड्रम खोलल्यावर आतली काळी धूळ तोंडाने फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवतात. वर्षानुवर्षे लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले गेले आहे आणि स्वस्त मालात ते नसेलच याची हमी कोणी देत नाही. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोग करतात असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी उमटतो, म्हणून आज खोकला नाही याला अर्थ नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसावी, फडके फेकून द्यावे, हात धुऊनच जेवायला बसावे. दुकानातील बारा-तेरा वर्षांच्या शागीर्दाला तर या कामाला लावूच नये. तो त्या वयात गॅरेजमध्ये का आहे हा प्रश्न वेगळा, त्यावर या साप्ताहिकाने स्वतंत्र लिहावे.

सुट्या भागांच्या बाजारावर आम्हाला जरा कडक बोलायचे आहे, कारण या धंद्यात आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. गाडीच्या कंपनीचा शूचा जोड दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याच डब्याची नक्कल त्याच्या निम्म्यात मिळते. त्याहून स्वस्त म्हणजे जुन्या शूवर नवा लायनर चिकटवून दिलेला जोड. कारखान्यात हा लायनर दाब आणि उष्णता देऊन बसवतात. मागच्या खोलीत बाटलीतल्या गोंदाने बसवलेला लायनर घाटात ड्रम तापला की सुटतो आणि शू व ड्रमच्या मध्ये अडकतो. कापडात आम्ही पॉलिस्टर मिसळून सुती म्हणून विकले तर गिऱ्हाईक फार तर घामाघूम होईल आणि आम्हाला शिव्या देईल, तरीही तो दगाच आहे. नकली शू विकणाऱ्याच्या दग्यात माणूस मरतो. डबा असली, माल नकली, अशा कमाईला हलाल कसे म्हणायचे, हे विकणाऱ्यानेच जुम्याच्या नमाजाला जाताना स्वतःला विचारावे. घेणाऱ्यानेही शहाणपण धरावे. पक्के बिल मागा. बिल द्यायला जो कुरकुरतो त्याचा माल घेऊ नका.

तरुण पोरांचा प्रश्न असतो की जुन्या ड्रमच्या गाडीला डिस्क बसवावी काय. आमचे मत, बसवू नये. डिस्क चांगली यात शंका नाही, पाण्यातून गेल्यावर लवकर सुकते आणि तापलेली लवकर निवते. पण डिस्कसाठी पुढचा काटा, हब, आस सगळे त्या जोराच्या हिशेबाने बनवलेले असते. भंगारातून दुसऱ्या गाडीचा काटा आणून वेल्डिंग मारलेली गाडी मालाखाली कशी वागेल ते वेल्डरलाही ठाऊक नसते. हजारो रुपये त्यात घालण्यापेक्षा नवा असली शू, नवी केबल, चांगला टायर यांवर घालावेत, फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. पुढच्या खेपेला गाडी बदलाल तेव्हा कंपनीचीच डिस्कवाली घ्यावी.

ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांनी तिचे तेल विसरू नये. लोक त्याला ब्रेक ऑईल म्हणतात, पण ते इंजिनच्या तेलासारखे नव्हे. इंजिनचे तेल त्यात ओतले तर आतली रबरे फुगून ब्रेक निकामी होतो. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेले असते, तेच घालावे. हे तेल हवेतील ओल शोषून घेते. नवे डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यालेले १५५ च्या आसपासही उकळू शकते, आणि घाटात उकळले की नळीत वाफ होऊन लिव्हर हँडलला टेकतो, गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलणे एवढाच त्यावर उपाय आहे.

आणखी एक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस बंधनकारक झाले. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. मोटारसायकलला साधारणपणे पायाचा ब्रेक पुढच्यालाही ओढतो. एका पायावर गाडी थांबवणाऱ्या आपल्या फेरीवाल्यासाठी याहून उपयोगी सोय नाही. तरी पेडल जड लागतो म्हणून ती जोडकेबल सैल करून घेणारे आम्ही पाहिले आहेत. पैसे मोजून घेतलेली सोय पैसे मोजून बंद करणे, याला काय म्हणावे?

घाटाबद्दल थोडे. चांदवडचा राहूड घाट, चाळीसगाव-कन्नडचा घाट, कसारा, हे आपल्या मालाचे रोजचे रस्ते. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची खोड फार जुनी आहे. तशा गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून पसरतो, लायनर तापून पकड सोडतो, आणि खालच्या वळणावर पेडल दाबला तरी गाडी ऐकत नाही. जो घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढतो तो दुसऱ्यातच उतरावा, इंजिन स्वतः गाडीला ओढून धरते. एका उतारावर चमचाभर पेट्रोल वाचते, त्यासाठी एवढा जुगार नको. तसेच भिवंडीसारख्या ठिकाणी पावसात गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी राहते. बाहेर आल्यावर थोडे अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबत जावे, म्हणजे लायनर सुकतो.

आता खर्च कोणी करायचा? गाडी पोराची, माल शेठचा, अशी आपल्याकडची पद्धत. आमच्या ओळखीचा एक फेरीवाला बाजाराहून अंधारात परतताना उभ्या ट्रॉलीवर आदळला. गाडी खोलली तेव्हा मागचा लायनर संपून शूचे ॲल्युमिनियम ड्रमला घासत होते, दांड्यावर नट शेवटच्या आट्यावर होता. त्याचा पाय कायमचा अधू झाला. ज्या दुकानातून त्याने साड्या उचलल्या होत्या तिथल्या वहीत फाटलेल्या अकरा साड्या त्याच्या नावे उधार मांडल्या गेल्या. ब्रेकसाठी त्याच्याकडे पैसे होते की नव्हते, हे त्या वहीत कुठे लिहिलेले नव्हते, कारण तो विचार कोणी केलाच नव्हता. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे मदरशातल्या लहान पोरालाही शिकवलेले असते. मग आपण कमिशनवर माल देऊन माणसाला अशा गाडीवर का सोडतो?

आमची सूचना साधी आहे. जो व्यापारी आपला माल दुसऱ्याच्या मोटारसायकलवर नेतो, त्याने त्या गाडीचे शू, केबल आणि टायर यांचा खर्च धंद्याच्या खर्चात धरावा, जसा आपण हमाली आणि पॅकिंग धरतो. महिन्यातून एकदा माल देण्यापूर्वी दुकानासमोरच ब्रेक दाबून बघावा, बाण कुठे आला ते पाहावे, नट किती उरला ते पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला इंजिनिअर लागत नाही. कापड बाजाराच्या संघटनांनी एखादा विश्वासू मिस्त्री ठरवून, असली शूचे खोके घाऊक भावात घेऊन ठेवले तर फेरीवाल्याला तो जोड बाजारापेक्षा स्वस्तच पडेल. काढलेले जुने शू तिथेच हातोडीने मोडावेत, नाहीतर तेच गोंद लावून परत येतात.

हे काम रमजान लागण्याआधी, शाबानमध्येच उरकावे. ईदच्या हंगामात खेपा दुप्पट होतात, पोरे सहरीपासून जागी असतात आणि मगरिबच्या आधी घर गाठण्याच्या घाईत गाडी पळवतात. त्या दिवसांत गॅरेजवाल्यालाही चाक खोलायला सवड नसते.